परवाना कोणाच्या नावावर? दिल्लीतल्या आठ अफगाण महिलांच्या खाद्य गटाचं प्रकरण

गेल्या वर्षी पुण्याहून एका मैत्रिणीचा फोन आला. तिच्या ओळखीतल्या काही अफगाण विद्यार्थिनींना खर्च भागत नव्हता आणि त्यांच्यासाठी बचत गट काढावा असं तिच्या मनात होतं. मी तिला आधी एवढंच म्हटलं, की थांब, त्यांचा व्हिसा कुठला आहे ते बघ. विद्यार्थी व्हिसावर धंदा करता येत नाही आणि आपल्या चांगल्या हेतूपायी त्यांचं शिक्षणच अडचणीत यायचं. मग मी ज्यांच्याबरोबर काम केलं त्या दिल्लीतल्या एका गटाची हकीकत तिला सांगितली. तीच इथे सविस्तर मांडते आहे. बायकांची ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत, वस्तीचं नाव गाळलंय आणि काही तपशील बदलले आहेत. निर्णय मात्र जसे घेतले तसेच लिहिलेत, चुकलेले निर्णयसुद्धा.

पार्श्वभूमी

दिल्लीत लाजपत नगर, भोगल, मालवीय नगर, खिडकी एक्स्टेन्शन या भागांत अफगाण कुटुंबं बरीच वर्षं राहताहेत. लाजपत नगरच्या गल्ल्यांत दारी भाषेतल्या, म्हणजे अफगाणिस्तानातल्या फारसीतल्या पाट्या दिसतात, तंदूरमधून लांबट नान निघतात, सुक्या मेव्याची दुकानं आहेत. 2021 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाकडे, म्हणजे यूएनएचसीआरकडे, भारतात सुमारे 15 हजार अफगाण लोकांची नोंद होती.

आमच्या गटात आठ जणी होत्या. पाच जणी काही वर्षांपूर्वीच आलेल्या, तिघी 2021 च्या उन्हाळ्यात. सगळ्यात मोठ्या अठ्ठावन्न वर्षांच्या, त्यांना सगळे खाला जान म्हणत. एक काबूलमध्ये मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. अफगाण लोक शिक्षकाला, बाई असो की पुरुष, आदराने मुअल्लिम साहेब म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणायचो. वडिलांच्या उपचारासाठी वैद्यकीय व्हिसावर त्या जूनमध्ये दिल्लीत आल्या होत्या. 15 ऑगस्टला काबूल तालिबानच्या ताब्यात गेलं आणि परतीचं तिकीट पर्समध्येच राहिलं. एक दाईचं काम शिकलेली. दोघी सख्ख्या जावा. सगळ्यात धाकटी वीस वर्षांची, कायद्याचं पहिलं वर्ष अर्धवट सुटलेली.

तिकडे दारं एकेक करून बंद होत होती. 23 मार्च 2022 ला मोठ्या मुलींच्या शाळा उघडायच्या होत्या. मुली दप्तरं घेऊन पोचल्या आणि त्यांना परत पाठवण्यात आलं. डिसेंबर 2022 मध्ये विद्यापीठं बंद झाली, मग स्वयंसेवी संस्थांमधल्या बायकांच्या नोकऱ्या. 2023 च्या जुलैत ब्युटी पार्लरही बंद. या बातम्या आमच्या बैठकीत रोजच्या होत्या. धाकटीची मावशी पार्लर चालवायची, दाईच्या वर्गमैत्रिणी घरी बसल्या होत्या. मुअल्लिम साहेब तर रोज संध्याकाळी फोनवरून काबूलच्या चौदा मुलींना बीजगणित शिकवायच्या, फुकट. काबूलचं घड्याळ दिल्लीच्या एक तास मागे. त्यामुळे आमची बैठक चारला सुरू व्हायची आणि पाचच्या आत संपायची. त्या वेळेशी तडजोड करायचा विषय कोणीच कधी काढला नाही.

अडचण नेमकी कोणती होती

घरांचं उत्पन्न का कोसळलं, हे समजायला मला वेळ लागला. या वस्त्यांमधले बरेच पुरुष तर्जुमान म्हणून, म्हणजे दुभाषे म्हणून काम करायचे. अफगाणिस्तानातून उपचारासाठी रुग्ण यायचे, त्यांना दवाखान्यात नेणं, डॉक्टरांशी बोलणं, औषधं आणणं, खोली बघून देणं. ऑगस्ट 2021 नंतर भारताने आधी दिलेले व्हिसा रद्द केले, विमानं थांबली, रुग्ण येईनासे झाले. दुभाष्यांच्या पाठोपाठ गेस्ट हाऊस, हॉटेलं आणि औषधाच्या दुकानांतली कामंही गेली. भाडं मात्र महिन्याच्या महिन्याला द्यायचंच होतं.

त्यामुळे बायकांनी कमवायचं, हे ठरलेलंच होतं. पण आमच्या आठ जणींपैकी सहा जणींकडे कुठल्या ना कुठल्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आधीच होतं. शिवण, मेंदी, पार्लर, संगणक. एका जावेकडे तर तीन होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट जपून ठेवलेली. त्या तिन्हींतून तिला आजवर एक रुपया मिळाला नव्हता. शिवणाचं मशीन तिने विकलं होतं, कारण ज्या खोलीत पाच माणसं झोपतात तिथे ते ठेवायचं कुठे?

कौशल्य कमी असणं ही अडचण नव्हती, अडचण कागदांची होती. भारत 1951 च्या निर्वासित करारात नाही, 1967 च्या प्रोटोकॉलमध्येही नाही, आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. यूएनएचसीआरचं कार्ड हाती असलं तरी बँक, गॅस एजन्सी, परवाना देणारं कार्यालय, प्रत्येक खिडकीवर पुढचा प्रश्न आधारचाच. नागरिकत्व सुधारणा कायदा अफगाणिस्तानातल्या हिंदू, शीख अशा सहा समुदायांपुरता, तोही 2014 अखेरपर्यंत आलेल्यांना. आमच्या आठही जणी मुस्लिम, म्हणजे तीही वाट नव्हती. दीर्घ मुदतीचा व्हिसा दोघींकडेच होता.

समोर असलेले पर्याय

ऑगस्ट 2022 मध्ये आम्ही खाला जानच्या खोलीत बसलो, हिरवा वेलदोड्याचा चहा आणि साखरपाऱ्यासारखं काहीतरी मध्ये. चार पर्याय पुढे होते.

पहिला माझा, बचत गटाचा. दिल्लीला येण्याआधी मी सातारा जिल्ह्यात सात वर्षं गटांचंच काम केलं होतं. पंचसूत्री तोंडपाठ होती: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, चोख हिशोब. मला वाटलं, हे कुठेही लागू पडतं. दुसरा पर्याय भरतकामाचा. एक ठेकेदार नगावर पैसे द्यायला तयार होता, कागद मागत नव्हता. तिसरा, वस्तीतल्या अफगाण हॉटेलांच्या मागच्या खोलीत मजुरी. चौथा, आपलं अन्न आपण शिजवून विकायचं.

ठेकेदाराचा पर्याय धाकटीने मोडीत काढला. तिने एक रुमाल घरी भरून पाहिला, दोन संध्याकाळी लागल्या आणि सांगितलेला दर चाळीस रुपये. हॉटेलातली मजुरी दोघींनी आधी केली होती. रात्री अकराला सुटणं आणि पगार महिनाभर अडकला तर दाद कोणाकडे मागायची, हे त्यांनी भोगलं होतं. राहिले दोन, बचत गट आणि अन्न. मी म्हटलं, दोन्ही एकत्र करू.

पहिला निर्णय: व्याज नको

माझी योजना दुसऱ्याच बैठकीत अडली, दोन ठिकाणी.

गटाच्या कामात पहिलं पाऊल म्हणजे बँकेत गटाचं खातं. त्याशिवाय कर्ज नाही, अनुदान नाही, काही नाही. इथे खातंच उघडणार नव्हतं. दुसरं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. अंतर्गत कर्जावर शेकडा दोन व्याज, ते गटाचंच उत्पन्न, असं मी उत्साहाने समजावत होते. खाला जान शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “दीदी, बहिणीच्या अडचणीवर सूद घ्यायचा? हे आमच्यात होणार नाही.” बाकीच्या माना खाली. मी गेले अर्धा तास त्यांना नको असलेली गोष्ट समजावत होते आणि पाहुणी म्हणून त्या मला थांबवत नव्हत्या.

मग त्यांनीच मार्ग सांगितला. दिल्लीतल्या शेजारणींकडून त्या कमिटी शिकल्या होत्या. म्हणजे आपली भिशी. दर महिन्याला प्रत्येकीने पाचशे, चिठ्ठी निघेल तिला चार हजार. व्याज नाही, बँक नाही. त्यात त्यांनी एक पोटनियम घातला, जो मला फार आवडला. कोणाच्या घरी आजारपण असेल तर चिठ्ठी न काढता त्या महिन्याची रक्कम तिला. दोन वर्षांत तो तीनदा वापरला गेला आणि एकदाही वाद झाला नाही.

आज मला वाटतं, पहिल्या बैठकीत मी योजना मांडायलाच नको होती. तुम्ही पैसे आत्ता कसे साठवता, एवढाच प्रश्न विचारला असता तर दोन आठवडे वाचले असते आणि त्यांना संकोचात टाकलं नसतं.

दुसरा निर्णय: कोणाचं स्वयंपाकघर

घरी शिजवून विकणं वरवर सोपं दिसतं. पण छोट्या घरगुती व्यवसायालाही अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. तेव्हा 12 लाखांपर्यंतच्या उलाढालीला वर्षाला 100 रुपये फी होती. शंभर रुपये कोणीही भरेल, पण अर्जासोबत ओळखपत्र आणि जागेचा पुरावा लागतो. भाडेकरार बहुतेकींकडे तोंडी होता आणि घरमालकाला धंद्याचा वास लागला तर खोली जाण्याची भीती. शिवाय घरगुती सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही, आणि त्यांच्याकडे तोही नव्हता. पाच किलोचा छोटा सिलिंडर भरून आणायच्या.

इथे तीन रस्ते होते. माझ्या नावावर नोंदणी करायची, नोंदणीशिवाय गुपचूप सुरू करायचं, किंवा नोंदणी असलेलं कोणाचं तरी स्वयंपाकघर तासांवर घ्यायचं. गुपचूप सुरू करायला दोन-तीन जणी तयार होत्या, सगळेच करतात म्हणून. त्यावर दाई म्हणाली, “एखाद्याचं पोट बिघडलं तर पोलीस तुझ्या घरी नाही येणार दीदी, आमच्याकडे येतील. आणि आमच्याकडे दाखवायला काय आहे?” त्यावर चर्चा संपली.

शेजारच्या गल्लीत एक पंजाबी बाई डबे पुरवायच्या. त्यांचं काम सकाळी दहापर्यंत आटपायचं, मग स्वयंपाकघर रिकामं. रीतसर नोंदणी, एकोणीस किलोचा व्यावसायिक सिलिंडर, मोठा ओटा. त्यांचे सासरे फाळणीत सरगोध्याहून आले होते. त्या एवढंच म्हणाल्या, की आमच्याकडेही कोणीतरी चूल दिली होती. पण करार त्यांनी व्यवहाराचाच केला आणि ते बरं झालं. सकाळी अकरा ते चार जागा आमची, विक्रीच्या वीस टक्के त्यांचे, गॅस त्यांचा, भांडी आपापली, मांस त्यांच्या भांड्यांना लागणार नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये काम सुरू झालं.

सुरुवात बोलानीने. करंजीसारखी दुमडलेली, पण चपटी आणि ताटाएवढी. आत गंदना, म्हणजे कांद्याच्या पातीसारखी पण चपटी पानं असलेली भाजी, वास लसूण आणि कांदा यांच्या मधला. खाला जान गंदना बारीक चिरून, धुऊन, मग जुन्या सुती ओढणीत गुंडाळून पिळायच्या आणि अर्धा तास पंख्याखाली पसरायच्या. पाणी राहिलं की पारी फाटते. माझ्या हातून पहिल्या दिवशी चार फाटल्या. त्यांनी काही न बोलता माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि मला चहा करायला लावलं. नंतर मंतू आले, मोदकासारखे उकडलेले, आत खिमा-कांदा, वर दही, हरभऱ्याची डाळ आणि सुका पुदिना.

तिसरा निर्णय: मेहनतीला दर लावायचा

दोन महिन्यांत ऑर्डरी वाढल्या, पण हातात काही उरेना. मंतूची प्लेट 120 रुपयांना विकायचो, सगळ्यात जास्त खप तिचाच. मुअल्लिम साहेबांनी एक वही घातली. मजकूर उजवीकडून डावीकडे, फारसी अंक मात्र आपल्यासारखेच डावीकडून. एका दुपारी त्या फोनमधलं घड्याळ लावून ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि प्रत्येकीचा हात मोजला.

एक मंतू वळायला सरावलेल्या हाताला पाऊण मिनिट. प्लेटीत आठ, म्हणजे नुसतं वळायला सहा मिनिटं. खिमा, पारी, दही, डाळ, भांडी धरून प्लेटीमागे वीस मिनिटं. सामान आणि डबा 85 रुपये, स्वयंपाकघराचे वीस टक्के म्हणजे 24. उरले 11. तासाला 33 रुपये. बोलानीचा हिशोब उलटा निघाला. किंमत 60, सामान 18, स्वयंपाकघराचे 12, उरले 30 आणि मेहनत दहा मिनिटांची. तासाला 180.

हे वाचून दाखवल्यावर खोलीत बराच वेळ शांतता होती. मग एक जाऊ म्हणाली, आपल्या वेळेचे पैसे धरायचे असतात हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची दुपार कोणती, असं मला विचारलं तर मी हीच सांगेन. कुठल्याही प्रशिक्षणात हे झालं नव्हतं, आणि ते करणारी व्यक्ती त्यांच्यातलीच होती, जिचं शिक्षण इथे कोणालाच उपयोगाचं वाटलं नव्हतं.

निर्णय मात्र सोपा नव्हता. मंतू हा खाला जानचा मान होता. त्यांच्या आईची कृती, लग्नात शंभर माणसांसाठी केलेली. बंद करा म्हणणं कोणाच्या जिवावर येईना. शेवटी मधला मार्ग निघाला: मंतू फक्त आगाऊ ऑर्डरीवर, दहा प्लेटींच्या वर, किंमत 180. या दराने तासाला 177 सुटत होते. निम्मी गिऱ्हाइकं गेली. उरलेल्यांवर जास्त पैसे आले आणि दुपारी साडेतीनला काम संपायला लागलं.

चौथा निर्णय, जो मी चुकवला: पैसे कोणाच्या खात्यात

गिऱ्हाईक यूपीआयने पैसे देतं. यूपीआयला बँक खातं लागतं. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी म्हणालं, दीदींचा नंबर द्या. मी हो म्हटलं. तेव्हा ती मदतच वाटली, आणि कोणाला त्याहून सोपं काही सुचलंही नाही.

पाच महिने सगळी विक्री माझ्या खात्यात जमा होत होती आणि दर शनिवारी मी रोख काढून वाटत होते. फेब्रुवारी 2023 मध्ये माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि मी रातोरात साताऱ्याला गेले. दवाखान्यात मी सगळं विसरले. अकरा दिवसांनी दिल्लीत आले. त्या अकरा दिवसांत आठ जणींनी रोज काम केलं होतं, पैसे माझ्या फोनमध्ये पडत होते, आणि दोघींना भाडं देता आलं नव्हतं. एकीच्या घरमालकाने सामान जिन्यात काढून ठेवलं होतं. मला फोन करायचं त्यांनी टाळलं, कारण माझे वडील आजारी होते. चिठ्ठी न काढता त्या महिन्याची भिशी त्यांनी त्या दोघींत वाटली, आणि घर सावरलं.

आल्यावर मी माफी मागितली. खाला जाननी माझ्या वडिलांची विचारपूस केली आणि मला जेवायला बसवलं. पण धाकटी बोलली आणि तिने बोलायला हवंच होतं. ती म्हणाली, “दीदी, तुम्ही चांगल्या आहात. पण आमची कमाई तुमच्या चांगुलपणावर चालते आहे, हे मला नकोय.”

तिथून व्यवस्था बदलली. पैसे आता स्वयंपाकघरवाल्या बाईंच्या धंद्याच्या चालू खात्यात जातात, तसं पत्र दोन्ही बाजूंच्या सहीने झालं, आणि रोज चारला त्या दिवसाची रोकड हातात मिळते. ऑर्डरीचा संदेश सगळ्यांच्या गटावर येतो, त्यामुळे किती आले हे सगळ्याच जणी बघू शकतात. पैसे अजूनही दुसऱ्याच्याच खात्यात आहेत. पण ते रोज हिशोबाला येतात, आणि ती व्यक्ती त्यात भागीदार आहे, उपकारकर्ती नाही.

वैध पासपोर्ट आणि दीर्घ मुदतीचा व्हिसा असलेल्या दाईचं खातं, चौथ्या फेरीनंतर, एका शाखेत उघडलं. प्रत्येक फेरीत कर्मचारी बदललेला आणि नियम वेगळा. शेवटी तिच्याबरोबर नियमाचा छापील कागद घेऊन गेलो तेव्हा काम झालं. मात्र नोव्हेंबर 2023 मध्ये दिल्लीतला अफगाण दूतावास बंद झाला आणि तिच्या पासपोर्टची मुदत 2024 मध्ये संपणार होती. गटाचे पैसे तिच्या खात्यावर न्यायचा विचार त्यामुळे सोडावा लागला.

एका नवऱ्याचा प्रश्न

याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण ते घर अजून सावरतं आहे. एकीची कमाई तिचा नवरा काढून घ्यायचा. तो आधी दुभाषा होता, चार भाषा यायच्या, आणि दोन वर्षं घरात बसून होता. दोन मतं पडली. मुअल्लिम साहेबांचं म्हणणं, त्यालाच ऑर्डरी घेण्याचं काम देऊ, त्याची हिंदी आणि इंग्रजी चांगली आहे, त्याला कामाचा हिस्सा मिळेल. धाकटी म्हणाली, बायकांच्या गटात पुरुषाला फोन दिला की उद्या निर्णयही तोच घेईल. बहुमताने त्याला काम दिलं. कमाई काढून घेणं थांबलं. पण धाकटीची भीतीही खोटी नव्हती. सहा महिन्यांत किमती तोच ठरवायला लागला आणि पुन्हा बैठक घेऊन त्याला थांबवावं लागलं. दोघींपैकी कोण बरोबर होतं हे मला आजही सांगता येत नाही.

पाचवा निर्णय, जो कोणी घेतलाच नाही: जाणाऱ्यांचं काय

वस्तीतल्या प्रत्येक घरात एक फाइल असते. कॅनडाची, नाहीतर ऑस्ट्रेलियाची. कॅनडाने ऑक्टोबर 2023 पर्यंत ठरवल्याप्रमाणे 40 हजारांवर अफगाण लोकांना नेलं, आणि तिथले नागरिक गट करून निर्वासितांना प्रायोजितही करायचे. मुअल्लिम साहेबांची फाइल अशीच चालू होती. आम्हाला ते माहीत होतं. पण कोणी बोलायचं नाही, जणू बोललं तर नजर लागेल.

फेब्रुवारी 2024 मध्ये त्यांना कळवण्यात आलं. देश सोडायची परवानगी, वैद्यकीय कागद, सामान, सगळं धरून हातात बारा दिवस. त्या बारा दिवसांत त्यांनी वही धाकटीला समजावायचा प्रयत्न केला, पण निम्मा हिशोब त्यांच्या डोक्यात होता.

लगेच मार्चमध्ये नवरोज, म्हणजे त्यांचं नववर्ष होतं, गटाचा सगळ्यात मोठा हंगाम. नवरोजला हफ्त मेवा करतात: किशमिश, काळे मनुके, सेंजद (बोरासारखं एक सुकं फळ), जर्दाळू, बदाम, पिस्ता, अक्रोड. बदाम-अक्रोडाची सालं काढून, सगळं पाण्यात दोन-तीन दिवस भिजवायचं. साखर घालत नाहीत, मनुक्यांचाच गोडवा पाण्यात उतरतो. मागच्या वर्षी याच एका पदार्थाने दोन महिन्यांचं भाडं निघालं होतं. या वेळी जुन्या दिल्लीतल्या खारी बावलीच्या बाजारातून मेवा उधारीवर आणला, पण कुठल्या मेव्याचं किती वजन धरायचं आणि बरणीची किंमत काय लावायची, हे कोणाकडेच लिहिलेलं नव्हतं. अंदाजाने लावली. शंभरावर बरण्या गेल्या, उधारी फिटली, आणि प्रत्येकीच्या वाट्याला साडेचारशे रुपये आले. पिस्त्याची सालं काढून काढून जावांच्या नखांच्या कडा सोलवटल्या होत्या.

परिणाम

ऑक्टोबर 2022 ते 2024 च्या मध्यापर्यंतचं चित्र असं. चांगल्या महिन्यात प्रत्येकीला साडेसहा हजारांपर्यंत, एरवी चारच्या आसपास, मे-जूनच्या उन्हाळ्यात दोनही नाही. एका खोलीचं भाडंही यातून पूर्ण निघत नाही. आठपैकी चार जणी अजून काम करतात. मुअल्लिम साहेब गेल्या. दाई एका दवाखान्यात रुग्णांबरोबर राहण्याचं काम करते, तिला ते आवडतं. एका जावेने तिसऱ्या बाळंतपणानंतर सोडलं. आठवी, जिची बहीण 2023 च्या अखेरीस पाकिस्तानने हाकललेल्या लोकांबरोबर तोरखमच्या सीमेवरून अफगाणिस्तानात परत गेली, तिला जास्त पैसे हवे होते. बहिणीच्या पाच मुलांचा खर्च हिच्यावर आला. ती पुन्हा हॉटेलात रात्रपाळीला जाते. तिला आम्ही थांबवू शकलो नाही.

भिशी मात्र टिकली. त्यात गट सोडलेल्या दोघीही आहेत, आणि आता शेजारच्या इमारतीतल्या सहा जणी नवीन.

आज पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात आधी प्रत्येकीचा कागद बघेन, म्हणजे व्हिसा, पासपोर्टची मुदत, कार्डाची तारीख. अविश्वासाने नव्हे, तर धंद्याची रचना त्यावरच ठरते म्हणून. आम्ही पदार्थ आधी ठरवले आणि कागद नंतर शोधले.

पैसे माझ्या खात्यात एक दिवसही घेणार नाही. स्वयंपाकघरवाल्या बाईंशी केलेला करार पहिल्या आठवड्यातही होऊ शकला असता, मला तो सुचला नाही एवढंच.

मेहनतीचा दर पहिल्या ऑर्डरीच्या आधी काढेन. दोन महिने तेहतीस रुपये तासाने झालेलं काम परत मिळत नाही.

आणि कोण कधी जाणार आहे, हे पहिल्याच बैठकीत उघड विचारेन. निर्वासितांबरोबर काम करताना माणसं जाणार हे गृहीतच धरायचं असतं. ते अपशकुनी नाही, ती त्यांच्या आयुष्यातली चांगली बातमी आहे. आपण ती आनंदाने ऐकायची तयारी ठेवली नाही, तर ज्या दिवशी ती येते त्या दिवशी उरलेल्यांना ती संकटासारखी वाटते. हे आमच्याकडे झालं आणि मुअल्लिम साहेब रडत गेल्या, जेव्हा त्यांनी हसत जायला हवं होतं.

सध्या वहीला दोन लेखनिक आहेत, धाकटी आणि स्वयंपाकघरवाल्या बाईंची सून. एकीची नोंद दारीत, दुसरीची हिंदीत, दर शुक्रवारी दोन्ही बेरजा जुळवतात. धाकटीचीही फाइल चालू आहे. मे महिन्याच्या बैठकीत तिने स्वतःच तो विषय काढला, आणि जून अखेरपर्यंत तिसरी व्यक्ती शिकवून तयार करायची असं ठरलं. खाला जाननी स्वतःचं नाव दिलं. त्यांना अजून गुणाकार येत नाही. धाकटी रोज दुपारी, पीठ भिजेपर्यंतच्या अर्ध्या तासात, त्यांचा पाढा घेते. परवा गेले तेव्हा त्या सातच्या पाढ्यावर होत्या.